धडधडत्या छातीने केलेली प्रार्थना : भीतीच्या झटक्यात शांती म्हणजे नेमके काय?

दिवेलागण

गेल्या आठ महिन्यांपासून मला भीतीचे झटके येतात. त्यांना पॅनिक अटॅक म्हणतात हे आता ठाऊक झाले आहे. पहिल्या वेळी मात्र आपण मरणार एवढेच वाटले होते. रात्री दोनच्या सुमारास जाग येते, छाती धडधडू लागते, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात आणि खोलीतली हवा संपत चालल्यासारखी वाटते. मी उठून पलंगाच्या कडेला बसते, चादरीची किनार दोन्ही मुठींत घट्ट धरते आणि प्रार्थना करू पाहते, पण शब्दच सुचत नाहीत. लहानपणापासून पाठ असलेले बायबलमधले तेविसावे स्तोत्रसुद्धा मध्येच तुटते. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढे म्हणून झाले की पुढची ओळ आठवत नाही.

माझा विश्वास मनापासूनचा आहे आणि म्हणूनच याविषयी कोणी काही बोलले की ते जिव्हारी लागते. प्रार्थनेच्या संगतीत मी हे मोकळेपणाने सांगितले, तेव्हा एका ज्येष्ठ भगिनीने प्रेमाने, पण स्पष्ट शब्दांत विचारले : "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" ही जर बायबलची आज्ञा आहे, तर चिंता करणे हा आज्ञाभंग नव्हे काय? त्या दिवसापासून झटक्याच्या भीतीच्या जोडीला आपला विश्वासच खोटा तर नाही ना, ही दुसरी भीती येऊन बसली आहे.

अशा अवस्थेत ख्रिस्तावरील विश्वासातून ज्यांना शांती लाभली आहे, त्यांना ती कशी लाभली? झटका थांबला म्हणजे शांती मिळाली, असे समजायचे का? कृपया स्वतःचे अनुभव लिहावेत. नुसती वचने पाठवू नयेत. ती माझ्याजवळ आहेत, अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची आहे.

निष्ठा

ताई, तुमच्यासाठी आजपासून रोज प्रार्थना करीन. माझा अनुभव सांगायचा तर मला पाठांतराचाच आधार झाला. झटक्यात पाठ असलेलेही मध्येच तुटते, हे तुमचे म्हणणे अगदी खरे आहे; लांबलचक अध्याय तेव्हा कामाला येत नाही. मी एकच वचन धरले, पेत्राच्या पहिल्या पत्रातले : "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो." दिवसा, मन स्वस्थ असताना, भांडी घासता घासता ते इतके घोळवले की रात्री ते आठवावे लागत नसे, आपोआप ओठांवर येई.

मोकळा श्वास

मी समुपदेशक आहे आणि ख्रिस्ती विश्वासणारीही आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते.

धागालेखिकेने सांगितलेल्या मुंग्या आणि ओठांचा बधिरपणा यांना कारण आहे. भीतीच्या वेळी श्वास वरचेवर आणि जोरात होऊ लागतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि त्यातून मुंग्या, गरगरणे, छाती आवळणे अशी लक्षणे उद्भवतात. गंमत म्हणजे हवा कमी पडल्यासारखी वाटते ती हवा जास्त घेतल्यामुळे. शरीराने धोक्याची घंटा वाजवलेली असते, पण धोका कुठेच नसतो. मग मन धोका शोधू लागते आणि बाहेर काही सापडले नाही की स्वतःच्या धडधडीलाच धोका मानते. भीतीची भीती बसते ती अशी. झटका बहुधा काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो, मग तुम्ही काही करा अथवा करू नका.

यातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली : छातीत दुखणे, धडधड असे प्रथमच झाले असेल, तर हृदय आणि थायरॉइड यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावीच, ती तुम्ही केली असेल असे गृहीत धरते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. प्रार्थना ही झटका बंद करण्याची कळ म्हणून वापरली की ती परीक्षा बनते. "प्रार्थना केली, तरी धडधड थांबली नाही, म्हणजे देवाने ऐकले नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे" अशी साखळी तयार होते आणि प्रत्येक कडीगणिक धडधड वाढते. प्रार्थना अवश्य करावी, पण नाडीवर बोट ठेवून करू नये.

ठाम पाऊल

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मला एक भीती वाटते. आपण सगळेच शरीरशास्त्रात बसवू लागलो, तर देवाच्या सामर्थ्याला जागा कुठे राहते? माझ्या ओळखीच्या एका बंधूंनी उपास व प्रार्थना केली आणि त्यांचे झटके कायमचे गेले; त्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत. अशी साक्ष असताना आपण गोळ्यांकडे आधी का पाहावे? विश्वास दुबळा असतो तिथे माणूस दुसरे आधार शोधतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. कोणाचे मन दुखवण्याचा हेतू नाही.

करंजवृक्ष

मी एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक आहे. ठाम पाऊल यांच्या बंधूंना बरे वाटले याबद्दल देवाचे आभार मानावेत. पण एकाची साक्ष दुसऱ्यासाठी मोजपट्टी होऊ शकत नाही. प्रेषित पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे सतत छळणारे दुखणे, दूर व्हावे म्हणून प्रभूला तीन वेळा विनंती केली आणि काटा तसाच राहिला. त्याला मिळाले ते उत्तर कृपेचे होते. त्याचा विश्वास दुबळा होता, असे कोणी म्हणेल काय? त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, आणि लूकाचा उल्लेख तो "प्रिय वैद्य" असा करतो. वैद्य आणि औषध ही विश्वासाच्या घरात पहिल्यापासून आहेत.

आता आज्ञाभंगाच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्या प्रश्नाने धागालेखिकेला अधिक इजा झाली आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात "चिंताक्रांत होऊ नका" यासाठी जे ग्रीक क्रियापद आले आहे, तेच त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याची प्रशंसा करताना आले आहे : तुमची मनापासून काळजी करील असा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही, असे पौल तिथे म्हणतो. आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो स्वतःविषयी सांगतो की, सर्व मंडळ्यांची चिंता माझ्यावर रोज येऊन पडते. तिथेही मूळ शब्द त्याच कुळातला आहे. चिंता वाटणे हेच पाप असते, तर पौलाने ते आपल्या कष्टांच्या यादीत असे उघडपणे लिहिले नसते. शिवाय फिलिप्पैकरांस पत्र तो बंदिवासातून लिहीत होता.

आणखी एक लक्षात घ्यावे. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" याच्या लगेच आधीचे वाक्य "प्रभू समीप आहे" असे आहे. आपण वचने तोडून पाठ करतो आणि आधीचे वाक्य मागे राहून जाते. रात्री घाबरून उठलेल्या लेकराला आई "घाबरू नकोस, मी आहे ना" म्हणते, तेव्हा ती आज्ञा देत नसते आणि न घाबरण्याबद्दल गुणही देत नसते. त्या वाक्याचा सगळा भार "मी आहे ना" यावर असतो.

निष्ठा

पाळकसाहेब, हे मी पंचवीस वर्षांत कधी असे जोडून वाचले नव्हते. मनापासून आभार.

अक्षरवेल

करंजवृक्ष यांनी त्या उताऱ्याचा विषय काढलाच आहे, तर त्याच्या पुढच्या ओळीतल्या एका मराठी शब्दाविषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही. देवाची शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार "राखील", असे आपल्या भाषांतरात आहे. "भरून टाकील" असे नाही, "स्तब्ध करील" असेही नाही. मूळ ग्रीक शब्द पहारा बसवण्याचा, नगराच्या रक्षणासाठी शिबंदी ठेवण्याचा आहे; फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, तेव्हा तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर खरोखरचे शिपाई उभे राहिले असतील. मराठी भाषांतरकारांनी मात्र "राखणे" हा शब्द योजला आणि शिपायाच्या जागी राखणदार आणून बसवला.

शेताची राखण म्हणजे काय असते, याचा विचार करावा. राखणदार रात्रभर मचाणावर बसतो म्हणून रानडुकरे जन्मायची थांबत नाहीत. ती येतात, बांधाशी खसपसही होते. फक्त शेत एकटे नसते. धागालेखिकेने विचारले आहे की, झटका थांबला म्हणजे शांती मिळाली असे समजायचे का. निदान या शब्दावरून तरी तसे दिसत नाही. राखण लागते ती धोक्याच्या वेळीच. झटका चालू असतानाही शांती आपल्या जागेवर जागी असू शकते, आपल्याला तिची जाणीव होवो अथवा न होवो.

तटस्थ

मी ख्रिस्ती नाही आणि कोणताही धर्म पाळत नाही, पण भीतीचे झटके मला परिचित आहेत म्हणून हा धागा मन लावून वाचतो आहे. एक प्रश्न आदरपूर्वक विचारतो. मला श्वासाच्या सरावाने आणि मन लावून केलेल्या ध्यानाने बराच उतार पडला. मग आपण जिला ख्रिस्ताची शांती म्हणता, ती आणि मला मिळणारी शांतता यांत फरक कोणता?

उत्तररात्र

तटस्थ, प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर मी माझ्या अनुभवातूनच देऊ शकतो.

पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्यांत शतकानुशतके चालत आलेली एक लहानशी प्रार्थना आहे : "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर." तिचे मूळ शुभवर्तमानात आहे, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा जवळपास हेच ओरडला होता. मठवासी ती श्वासाबरोबर म्हणत. मी श्वास घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता" म्हणतो आणि तो अगदी सावकाश सोडताना "माझ्यावर दया कर" म्हणतो. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब होतो, त्यामुळे शरीरालाही स्वस्थता येते, हे मोकळा श्वास अधिक नीट सांगू शकतील. तिथपर्यंत तुमच्यात आणि माझ्यात फारसा फरक नाही, आणि तुम्हाला मिळालेला उतार मी कमी लेखत नाही.

फरक पडतो तो ज्या रात्री काहीच लागू पडत नाही त्या रात्री. तंत्र फसले की माझ्या हाती फसलेले तंत्र उरते. प्रार्थना "फसली" तरी ती कोणाला तरी उद्देशून केलेली असते. मी ज्याला हाक मारली तो माझ्या हाकेच्या गुणवत्तेवर अवलंबून नाही. माझी शांती माझ्या मनाच्या अवस्थेत नसून दुसऱ्या कोणाच्या तरी हाती आहे, ही गोष्ट मला विलक्षण हलके करते. येशूने "मी आपली शांती तुम्हांला देतो" असे म्हटले ते वधस्तंभाच्या आदल्या रात्री. ती शांती सुखरूप परिस्थितीतून आलेली नव्हती.

तटस्थ

समजले. आपल्या विश्वासात मी सहभागी नाही, पण "हाकेच्या गुणवत्तेवर अवलंबून नाही" हे वाक्य मी लिहून ठेवले आहे.

पैलतीर

वय वर्षे 74. पत्नीच्या निधनानंतर मला हे झटके सुरू झाले, आणि ते प्रामुख्याने उपासनेच्या वेळी येत, हे सांगायला मला दोन वर्षे लाज वाटत होती. आम्ही नेहमी बसत असू त्याच बाकावर मी बसे, शेजारची जागा रिकामी असे, आणि दुसरे गीत सुरू झाले की घशाशी काही तरी दाटून येई व दरवाजाकडे पळावेसे वाटे. एकदा तर प्रभुभोजनाच्या वेळी पेला हातात इतका थरथरला की तो कोटावर सांडला.

मला वाचवले ते गेथशेमाने बागेच्या प्रसंगाने, म्हणजे अटक होण्याआधी येशूने तिथे केलेल्या प्रार्थनेने. येशूने तिथे काय केले ते मी पुनःपुन्हा वाचले. "माझ्या जिवाला मरणप्राय अतिखेद झाला आहे" असे त्याने मित्रांना सांगितले. लपवले नाही. "माझ्याबरोबर जागे असा" अशी विनंती केली. मग प्रार्थना केली, परत आला, पुन्हा गेला, आणि मार्क लिहितो की दुसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द उच्चारले. नवे शब्द प्रभूलाही सुचले नाहीत, असे मी माझ्यापुरते समजतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे की नाही ते पाळकांनी सांगावे. लूकाच्या वृत्तांतात तर देवदूत येऊन त्याला शक्ती देतो आणि त्यानंतर तो अधिकच विव्हळ होऊन प्रार्थना करतो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतो. आधी शक्ती आली आणि विव्हळणे नंतर वाढले! शक्ती मिळाल्याची खूण म्हणजे थरथर थांबणे, हा माझा समज त्या ओळीने मोडला.

त्यानंतर मी एका जुन्या मित्राला सांगितले की, "माझ्या शेजारी बस, काही बोलू नकोस." तो बसू लागला. झटका आला की मी त्याच्या बाहीला बोट लावीत असे. एवढेच. तो डोके न वळवता गात राही. चार-पाच महिन्यांनी बोट लावण्याची गरज क्वचितच पडू लागली. मी डॉक्टरांची गोळीही घेत होतो, हे ठाम पाऊल यांना नम्रपणे कळवतो. परिणाम दिसायला तिला काही आठवडे लागले आणि त्या आठवड्यांत ती बाहीच माझी प्रार्थना होती.

करंजवृक्ष

पैलतीर काका, धर्मशास्त्राच्या दृष्टीने मी एवढेच म्हणेन की, प्रभूने तेच शब्द पुन्हा उच्चारले असे शास्त्र स्वतः सांगते, तेव्हा तेच शब्द पुन्हा उच्चारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. लूकातील त्या दोन ओळी काही प्राचीन हस्तलिखितांत आढळत नाहीत, हे अभ्यासकांना ठाऊक असते. मात्र मंडळीने त्या फार पूर्वीपासून जपल्या आहेत.

अक्षरवेल

थोडे विषयांतर वाटेल, पण ते इथलेच आहे. एकोणिसाव्या शतकातले सुप्रसिद्ध इंग्रज प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन लंडनच्या सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये 19 ऑक्टोबर 1856 रोजी बोलत असताना गर्दीत कोणी तरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत सात जण मरण पावले. स्पर्जन तेव्हा अवघे 22 वर्षांचे होते. त्या आघातातून ते काही आठवड्यांत व्यासपीठावर परतले खरे, पण त्याची छाया आयुष्यभर राहिली आणि आपल्या खिन्नतेविषयी ते उघडपणे बोलत. हजारो लोकांना धीर देणारा माणूस स्वतः भीतीपासून मुक्त नव्हता. आपल्या मंडळ्यांत साक्षी दिल्या जातात त्या बहुधा बरे झाल्याच्या. अजून बरे न झालेल्यांच्या साक्षीला जागा हवी.

ठाम पाऊल

पैलतीर यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी वर जे लिहिले, त्यात "विश्वास दुबळा असतो तिथे" हे शब्द मी मागे घेतो. देव औषधावाचूनही बरे करतो, यावरचा माझा विश्वास कायम आहे. परंतु ज्याला औषध लागते त्याच्या विश्वासाचे माप काढण्याचा मला अधिकार नाही. धागालेखिकेची क्षमा मागतो.

मोकळा श्वास

ठाम पाऊल, हे लिहायला मोठे मन लागते.

उत्तररात्र यांनी सांगितलेल्या लांब उच्छ्वासाविषयी : होय, सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती मंदावण्यास मदत होते. धागालेखिकेला आणखी एक सुचवते. जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याचा प्रसंग पुन्हा वाचा. तो रतामाच्या झुडपाखाली "आता पुरे, माझा प्राण घे" असे म्हणून झोपतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही, विश्वासाबद्दल एक शब्दही विचारीत नाही. स्पर्श करतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला देतो. देवाची मंद वाणी त्यानंतर, पुष्कळ चालून झाल्यावर येते. तुमची झोप तुटलेली आहे, जेवणही बहुधा धड होत नसेल. शरीराची ही काळजी घेणे आध्यात्मिक कामापासून वेगळे काढू नका. झटके आठ महिने चालू आहेत, तेव्हा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. यावर उपयोगी पडणारे उपचार आहेत आणि ते घेताना प्रार्थना सोडावी लागत नाही.

उत्तररात्र

आणि एक : विश्वास खरा की खोटा, याचा निवाडा रात्री दोन वाजता करू नका. सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत लोयोलाचे इग्नेशियस यांचा नियम होता की, मन अंधारात असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. मला त्याचा फार उपयोग झाला. तो प्रश्न आला की मी त्याला "उद्या दहा वाजता" असे सांगतो. दहा वाजता तो क्वचितच येतो.

दिवेलागण

उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. सर्व प्रतिसाद वाचले, काही छापून घेतले. तपासण्या पूर्वीच झाल्या होत्या व हृदय ठीक आहे; मानसोपचारतज्ज्ञांची वेळ आता घेतली आहे. ती घेताना आज्ञाभंगाची जाणीव झाली नाही, हे सांगायला आनंद वाटतो.

परवा रात्री झटका आला. शांती वाटली, असे लिहिता येणार नाही. धडधड नेहमीसारखीच होती आणि मुंग्याही आल्या. पण या वेळी मी तेविसावे स्तोत्र पुढे रेटण्याचा प्रयत्न केला नाही. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढीच ओळ येत होती, तेवढीच म्हटली, पुनःपुन्हा, श्वास सोडताना. पैलतीर काकांची बाही आठवली म्हणून शेजारच्या खोलीत जाऊन धाकट्या बहिणीला उठवले. आठ महिन्यांत हे प्रथमच केले. तिने काहीही विचारले नाही, सरकून जागा करून दिली. आम्ही भिंतीला पाठ टेकून बसलो आणि मी म्हणत होते तीच ओळ तीही हळू आवाजात म्हणू लागली. किती वेळ गेला ते पाहिले नाही. मध्येच माझ्या लक्षात आले की, मी चादर धरलेली नाही. दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते. धडधड अजून चालू होती.

संगतीतल्या त्या ज्येष्ठ भगिनींना मी रविवारी भेटणार आहे. रागाने नाही. "प्रभू समीप आहे" ही आधीची ओळ त्यांना वाचून दाखवावी असे मनात आहे.

पैलतीर

बाळ, वाचून डोळे भरून आले. बहिणीला माझे आशीर्वाद सांग. रविवारी त्या भगिनींशी बोलताना घशाशी दाटून आले, तर धीर राहावा म्हणून बहिणीला बरोबर घेऊन जा.

दिवेलागण

होय काका. ती येते म्हणाली आहे.